पाच व्हॅन घेण्याआधी: वरुडच्या भावाला ओहायोहून उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे आपल्याकडच्या इतरांनाही हे उत्तर समजेल. वरुड तालुक्यात तुमची संत्र्याची बाग आहे, तीन पिकअप आहेत, हंगामात कॅरेट भरून माल नागपूरला कळमन्याच्या बाजारात जातो. बहिणीने कितीतरी वर्षांपूर्वी टाकलेला ग्रीन कार्डाचा अर्ज आता मार्गी लागला आहे आणि वर्षभरात बायको-पोरांसह निघायचं आहे. चार एकर बाग विकायची, अमेरिकेत पाच कार्गो व्हॅन घ्यायच्या आणि एक्स्पेडाइटेड फ्रेटचा, म्हणजे तातडीच्या मालवाहतुकीचा धंदा चालू करायचा, असा तुमचा बेत आहे.

मी मोर्शीकडचा. ओहायोत टोलेडोजवळ राहतो आणि याच धंद्यात पोट भरतो. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: या, हाच धंदा करा, पण बाग विकू नका आणि पाच गाड्यांनी सुरुवात करू नका. एक गाडी घ्या आणि वर्षभर ती स्वतः चालवा.

बागेचं आधी बोलतो, कारण ती गोष्ट परत फिरवता येत नाही. तुम्ही इथे स्थायिक झालात की फेमा, म्हणजे भारताच्या परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे अनिवासी ठरता. अनिवासी माणसाला आधीपासूनची शेतजमीन ठेवता येते, वारसाने आलेली ठेवता येते, भारतात राहणाऱ्याला विकताही येते. नवीन शेतजमीन विकत मात्र घेता येत नाही. म्हणजे बाग पाच वर्षांनी विकायची ठरली तर वाट मोकळी आहे, पण आज विकून पाच वर्षांनी परत घ्यायची म्हटली तर वाट बंद आहे. मग घाई कशाला? भाऊबंदात कोणाला ठोक्याने, म्हणजे ठरलेल्या रकमेवर कसायला लावून द्या, कागद पक्का करा आणि निघा. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. शेतीच्या उत्पन्नावर भारतात आयकर नसला, तरी ग्रीन कार्डवाल्याला जगभरातलं उत्पन्न अमेरिकेच्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. त्यात मृग बहाराचे पैसेही आले आणि पुढे बाग विकली तर तिचा नफाही आला. भारतातल्या सगळ्या बँक खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर त्याची वेगळी माहिती द्यावी लागते. ही दोन्ही बाजूंची गणितं ज्याला कळतात असा सीए निघायच्या आधीच गाठा.

आता धंदा. इथल्या मोटारींच्या कारखान्यांत सुट्या भागांचा फार साठा ठेवत नाहीत, लागेल तसा माल मागवतात. मिशिगन, ओहायो, इंडियाना या पट्ट्यात हे कारखाने आणि त्यांना भाग पुरवणारे छोटे कारखाने दाट आहेत. एखादा भाग कमी पडला तर मोटारी जोडायची अख्खी लाइन थांबते, आणि त्या नुकसानीपुढे एका पॅलेटसाठी, म्हणजे माल रचलेल्या एका फळीसाठी, रात्रीतून स्वतंत्र व्हॅन पाठवणं कंपनीला स्वस्त पडतं. विमानाचे भाग, दवाखान्यांची यंत्रं, विमानतळावर उतरलेला माल, असंही काम असतं, पण कणा मोटारींच्या भागांचा. या धंद्यातलं जुनं नाव रॉबर्ट्स एक्स्प्रेस. ती कंपनी याच राज्यात ॲक्रनला वाढली, आज तिला फेडेक्स कस्टम क्रिटिकल म्हणतात.

व्हॅन म्हणजे फोर्ड ट्रान्झिट, रॅम प्रोमास्टर किंवा मर्सिडीज स्प्रिंटर, लांब आणि उंच छपराची. माल साधारण तीन ते साडेतीन हजार पौंड बसतो, म्हणजे आपला दीड टन धरा. ४८ बाय ४० इंचांचे दोन-तीन पॅलेट. फोर्कलिफ्टवाला मागून पॅलेट आत ठेवतो, पुढे सरकवायचा आणि पट्ट्यांनी आवळायचा तो तुम्ही. मोठ्या ट्रेलरसाठी बांधलेल्या डॉकला, म्हणजे माल चढवायच्या उंच ओट्याला, व्हॅन लागत नाही, तिचा तळ खाली राहतो. म्हणून माल उचलायला जाण्याआधी फोन करून विचारायचं, की जमिनीवरून भरायची सोय आहे का. ते न विचारता तिथे पोचलेला माणूस तासन् तास दारात उभा राहतो.

गाडी घेताना ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या खांबावर कंपनीची पट्टी चिकटवलेली असते, तिच्यावर जीव्हीडब्ल्यूआर म्हणजे गाडीसकट मालाचं कमाल वजन छापलेलं असतं. हा आकडा १०,००१ पौंडांच्या खाली हवा. तो खाली असला, तुम्ही मागे ट्रॉली जोडली नाही आणि पाटी लावावी लागेल असा धोकादायक माल भरला नाही, तर ट्रकवाल्यांचे गाडी चालवण्याच्या तासांचे नियम आणि ते तास मोजणारं यंत्र, दोन्ही तुम्हाला लागू होत नाहीत. एकाच मॉडेलची हलकी आणि भारी अशी दोन रूपं बाजारात असतात, बाहेरून सारखीच दिसतात. विकणाऱ्याच्या बोलण्यावर जाऊ नका, पट्टी स्वतः वाचा.

या सवलतीची दुसरी बाजूही आहे. तास मोजणारं यंत्र नाही म्हणून डिस्पॅचर, म्हणजे भाडी वाटून देणारा माणूस, रात्री दोनला फोन करतो आणि सकाळी सातला माल पोचला पाहिजे म्हणतो. दिवसभर जागलेल्या माणसाने अशा वेळी नाही म्हणायचं. एक भाडं गेलं तर गेलं. झोपेत गाडी रस्त्याच्या कडेला गेली, तर ज्या लेकरांसाठी आलात त्यांचं काय? हे मी सगळ्या नव्या पोरांना सांगतो आणि तुम्हालाही तितक्याच कळकळीने सांगतो.

आता हिशोब, कारण पाच गाड्यांचं स्वप्न इथेच तपासलं जातं. समजायला सोपे आकडे घेऊ. भाडं ४०० मैलांचं, दर मैलाला १ डॉलर, तुमच्या हाती येणारे ४०० डॉलर. माल उचलायला ८० मैल रिकामं गेलात. माल टाकला ती जागा आडवळणाला, तिथून पुढचं भाडं मिळेल अशा गावापर्यंत १५० मैल रिकामं आलात. म्हणजे गाडी चालली ६३० मैल आणि मैलाला पडले जेमतेम ६३ सेंट. इथल्या आयकर खात्याने २०२५ साली धंद्यासाठी गाडी चालवण्याचा खर्च मैलाला ७० सेंट धरला होता, इंधन, झीज, विमा सगळं मिळून. तुमचा खर्च थोडा इकडेतिकडे होईल, पण अंदाज येण्यापुरतं हे बस आहे.

आता हीच गाडी दुसऱ्याच्या हाती दिली असं धरा. या धंद्यात बऱ्याच ठिकाणी चालतं ते वाटप म्हणजे ड्रायव्हरला ६० टक्के आणि इंधन त्याचं, मालकाला ४० टक्के आणि हप्ता, विमा, दुरुस्ती मालकाची. ड्रायव्हरला मिळाले २४०. गॅलनला १५ मैल आणि ३ डॉलरचा भाव धरला तर १२६ डॉलर इंधनात गेले, उरले ११४. आणि यात त्याचा एक अख्खा दिवस, कधी दोन दिवस गेले. चांगला माणूस या पैशांत किती दिवस टिकेल? तुम्हाला मालक म्हणून मिळाले १६०, म्हणजे मैलाला २५ सेंट. त्यात नव्या गाडीचा हप्ता बसवा. नवी व्हॅन ५०,००० डॉलरच्या आसपास जाते. वर्षाला लाखभर मैल धावणारी गाडी किती लवकर उतरते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणजे धंदा खोटा आहे असं नाही. दर चांगला असला, परतीला अर्धं भाडं जरी मिळालं, तरी याच आकड्यांचं रूप पालटतं. पण ते घडवून आणायला कुठला माल कुठे मिळतो याची नस माहीत लागते. वरुडहून धारणीला माल टाकून परतीचं भाडं शोधणं किती अवघड, हे तुम्ही जाणता. इथे फ्लोरिडाचं तसंच आहे. तिकडे जाणारा माल भरपूर, तिकडून निघणारा कमी, म्हणून जायचं भाडं घेतानाच परतीचं रिकामं अंतर दरात धरावं लागतं. याउलट टेक्ससमधल्या लरेडोला मेक्सिकोहून येणारे मोटारींचे भाग मिळतात, पण तिथे रांगेत आधीच बऱ्याच व्हॅन उभ्या असतात. जुलैच्या पहिल्या आठवड्यात आणि नाताळात मोटारींचे कारखाने बंद असतात, काम आटतं. जानेवारी-फेब्रुवारीही थंड. आंबिया आणि मृग या दोन बहारांच्या मधल्या दिवसांत तुमच्या पिकअप दारात उभ्या असतात ना, ते दिवस इथेही येतात, फक्त इथे हप्ता आणि विमा थांबत नाही. आणि २०२०-२१ मध्ये भाडी चढली तेव्हा फार लोकांनी व्हॅन घेतल्या. पुढे भाव उतरले, गर्दी मात्र राहिली. म्हणून इंटरनेटवर त्या काळातले कमाईचे आकडे पाहून बेत करू नका.

ही नस एक वर्ष स्वतः चालवल्यानेच कळते. त्यासाठी स्वतःची अथॉरिटी, म्हणजे वाहतुकीची सरकारी परवानगीही लगेच काढू नका. दोन रस्ते आहेत. एक, तुमची व्हॅन एखाद्या मोठ्या एक्स्पेडाइट कंपनीच्या नावाखाली कराराने लावायची. भाडं ते आणतात, तुम्ही चालवता, ते आपला वाटा कापून पैसे देतात. दुसरा, स्वतःची कंपनी काढून फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या खात्याकडून ही परवानगी घ्यायची. व्हॅन हलकी असली तरी राज्याबाहेर भाड्याने माल न्यायला ही परवानगी लागते. तिची फी ३०० डॉलर, त्यामुळे लोकांना वाटतं हे स्वस्त आहे. खरा खर्च विम्याचा. हलक्या गाड्यांना कायद्याने ३,००,००० डॉलरचा विमा पुरतो, पण माल मिळवून देणारे दलाल, म्हणजे ब्रोकर, बहुतेक वेळा १० लाखांचा आणि वर १,००,००० चा मालाचा विमा मागतात. कंपनी नवी आणि इथला गाडी चालवण्याचा रेकॉर्ड कोरा, असं पाहिलं की विमा कंपनी हप्ता चढवते किंवा सरळ नाही म्हणते. बरेच ब्रोकर नव्या कंपनीला कित्येक महिने माल देत नाहीत. घरच्या मोटारीचा साधा विमा काढून भाड्याचा माल वाहायचा सल्ला कोणी देईल, तो मुळीच ऐकू नका. अपघात झाला तर त्यातून बहुधा एक पैसा मिळत नाही.

मोठ्या कंपनीखाली लावतानाही करार ओळ न ओळ वाचा. इंधनाचा अधिभार तुम्हाला मिळतो का, रिकाम्या मैलांचं काही देतात का, विम्याचे दर आठवड्याला किती कापतात, सोडून जायचं झालं तर ठेव कधी परत. बहिणीच्या जावयाच्या ओळखीचा आपला माणूस आहे म्हणून तोंडी बोलण्यावर गाडी लावू नका. आपल्याच माणसाकडे आठवड्याचे पैसे अडकलेली पोरं मी पाहिली आहेत.

पैशांचं चक्रही समजून घ्या. कळमन्यात मालाचं वजन झालं की हिशोबाची पट्टी आणि पैसे हातात येतात. इथे माल पोचल्यावर सही घेऊन कागदाचा फोटो पाठवायचा आणि मग ब्रोकर महिनाभराने, कधी त्याहून उशिरा पैसे देतो. लवकर हवे तर फॅक्टरिंग कंपनी टक्का कापून आधी देते. इंधन, टोल, दुरुस्ती मात्र रोखीने. म्हणून गाडीच्या किमतीशिवाय तीन महिन्यांचा घरखर्च आणि गाडीखर्च बाजूला असल्याशिवाय चाक हलवू नका. पाच गाड्यांना यातला गाडीखर्च पाचपट होतो.

दुसरी गाडी कधी घ्यायची? भरवशाचा ड्रायव्हर आधी सापडेल तेव्हा. गाडी आठवड्यात मिळते, माणूस मिळत नाही. शिवाय तुमच्या गाडीवर, तुम्ही सांगाल तसं काम करणारा माणूस कंत्राटदार आहे असं कागदावर लिहिलं, तरी सरकार त्याला नोकर ठरवू शकतं. मग पगारातली कपात, कामगारांच्या दुखापतीचा विमा हे सगळं तुमच्या अंगावर. ओहायोत तो विमा खाजगी कंपनीकडून नाही, राज्याच्या निधीतूनच घ्यावा लागतो. स्वतः एकट्याने चालवलं, तरी नफ्यावर आयकराव्यतिरिक्त १५.३ टक्के स्वयंरोजगार कर लागतो. दर भाड्यातून तेवढे बाजूला काढत चला.

गावाकडून आणखी काही पोरांनी हाच प्रश्न विचारलाय, त्यांच्यासाठी एवढंच. तुमच्याकडे ग्रीन कार्डाची वाट आहे म्हणून मी हे लिहिलं. पर्यटक व्हिसावर येऊन व्हॅन चालवणं बेकायदा आहे. पैसे गुंतवून धंदा काढायचा ई-२ व्हिसा भारतीय नागरिकाला मिळत नाही, आणि ट्रक ड्रायव्हरांचे कामाचे व्हिसा अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये थांबवले. कोणी एजंट दहा-वीस लाखांत ड्रायव्हर म्हणून पाठवतो म्हणाला, तर त्याच्या हातात शेताचा पैसा देऊ नका.

निघायच्या आधी अमरावतीच्या आरटीओतून तुमच्या परवान्याचा उतारा आणि आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. आंतरराष्ट्रीय परवाना वर्षभर चालतो, पण त्यावर विसंबू नका. इथे राहायला आलात की राज्याची लेखी आणि रस्त्यावरची परीक्षा देऊन इथलाच परवाना काढावा लागतो. रोज अर्धा तास इंग्रजीत फोनवर बोलायचा सराव करा. पत्ता, वेळ, वजन, लांबी-रुंदी-उंची एवढं अडखळत न सांगता आलं तरी निम्मं काम झालं. जमलं तर उन्हाळ्यात या, म्हणजे बर्फ पडायच्या आधी रस्ते अंगवळणी पडतील. इथे सरोवराच्या काठाने जाणाऱ्या महामार्गावर हिवाळ्यात तासाभरात रस्ता पांढरा होतो, आणि काळ्या डांबरावर साचलेला पारदर्शक बर्फ तर दिसतही नाही. पहिला हिवाळा कोणाच्या तरी शेजारी बसून काढा. माझ्या गाडीत जागा आहे. आलात की कळवा, मी घ्यायला येईन.