वाचकांचे प्रश्न : सासऱ्यांच्या रायफलीची किंमत

प्रश्न : माझे सासरे गेल्या दिवाळीत वारले. भाताच्या शिवारात डुकरं यायची म्हणून त्यांच्याकडे लायसनची रायफल होती. ती आम्ही ठाण्यात जमा करून पावती घेतली. निपाणीचे एक ओळखीचे म्हणतात, ही दुसऱ्या महायुद्धातली आहे, लाखांत जाईल. बेळगावात एकाने 'पुढून कापलेली आहे, भंगाराचा भाव' असं सांगितलं. लायसनवर ०.३१५ लिहिलंय. फोटो पाठवते. खरं काय? — एक भगिनी, खानापूर तालुका

उत्तर : ताई, जमा केलीत हे उत्तम केलंत. मी सैन्यात वीस वर्षं शस्त्रागारात काम केलं. या रायफली रोज उघडून तेल लावून बंद केल्या आहेत. तुमचा फोटो बघितला आणि पहिल्यांदा डोळा गेला तो दस्त्याच्या मानेवरच्या लोखंडी कड्याकडे. मुकुट, खाली जी.आर.आय. (म्हणजे राजा-सम्राट जॉर्जची आद्याक्षरं), त्याखाली ईशापूर, मग १९४२. म्हणजे बंगालात हुगळीकाठच्या कारखान्यात, ऐन लढाईत घडलेली ली-एनफिल्ड, त्या काळच्या ब्रिटिश सैन्याची रायफल. निपाणीच्या पाहुण्यांचं एवढं म्हणणं खरं आहे.

पण लाखांचं गणित इथे बसत नाही. या रायफलीचं लाकूड मुळात नळीच्या तोंडापर्यंत असतं आणि पुढे संगीन अडकवायची लोखंडी टोपी असते. तुमच्या रायफलीचं लाकूड अर्ध्यावर कापलंय, टोपी नाही. हलकी व्हावी, रानात वागवायला सोपी जावी म्हणून त्या काळी असं सर्रास करत. परदेशातले जुन्या शस्त्रांचे शौकीन अखंड रायफलीला पैसे मोजतात, कापलेलीला त्याच्या काही अंशाने. लाकूड नव्याने बसवता येतं. पण नळी आखूड केली असेल किंवा दुर्बिणीसाठी भोकं पाडली असतील तर ती परत भरून येत नाहीत. मूळ नळी सुमारे ६४ सेंटिमीटरची. टेपने मोजून घ्या.

आपल्याकडे भाव ठरतो तो वेगळ्या गोष्टीवर. ०.३०३ हा सैन्याचा जुना बोर, म्हणजे नळीच्या भोकाचं इंचातलं माप; तो सामान्य माणसाला निषिद्ध. म्हणून नळी रुंदावून किंवा बदलून ०.३१५ करत, त्याची काडतुसं मिळतात, काडतुसाच्या बुडावर खडकीच्या कारखान्याचा के.एफ. शिक्का असतो. तेव्हा नळीच्या बुडाशी काय कोरलंय, ते लायसनशी जुळतं का, हे आधी बघा. नळी ०.३०३ चीच राहिली असेल तर ती विकायची नाही, आधी वकिलाला गाठा. जुळत असेल, तर विक्रेत्याकडे नव्या ०.३१५ चा आजचा भाव विचारा. तुमचीचा भाव त्याच्या खालीच राहणार. किती खाली, ते नळी सांगेल. ठाण्यातल्या माणसाला बोल्ट (नळीमागचा सरकता खटका) काढायला सांगा, मागे पांढरा कागद धरा आणि तोंडाकडून बघा. नळीच्या आतले पिळाचे चरे धारदार, चकचकीत दिसले तर चांगला भाव मागा. काळे खड्डे दिसले तर उतरा. जुन्या काडतुसांच्या बुडातल्या, बार पेटवणाऱ्या टोपीतला क्षार नळी खातो. मी भरती झालो तेव्हा फायरिंगनंतर आम्ही नळीत उकळतं पाणी ओतायचो ते याचसाठी. तुमच्या सासऱ्यांनी तसं केलं असेल तर नळी आजही सांगेल. बोल्टच्या दांड्यावरचा नंबर आणि नळीवरचा नंबर एकच असला तर आणखी बरं.

एक कळकळीची विनंती. विकण्याआधी 'चकाचक करून देतो' म्हणणाऱ्या कुणा मिस्त्रीच्या हाती देऊ नका. माझ्या चुलत्यांची रायफल अशीच एकाने पॉलिश पेपरने घासली. कड्यावरची अक्षरं गेली, नंबर अर्धा पुसला. पुढे लायसनवरचा आणि बंदुकीवरचा नंबर एकच आहे हे पटवून देता देता चुलते थकले, विक्री राहिलीच. ओळखीच्या खुणा मिटवणं हा गुन्हाही आहे. गंज असला तरी तेलाची चिंधी पुरे.

गिऱ्हाईक लायसनवालाच हवा. त्याचं नाव-पत्ता देऊन जिल्हाधिकाऱ्यांना किंवा ठाण्याला लेखी कळवायचं, आणि ४५ दिवस थांबायचं. तुमचं लायसन सासऱ्यांच्या नावाचं, म्हणून वारसांची कागदपत्रं आधी. गिऱ्हाईक चंदगडकडचं असेल तर त्याचं लायसन कुठल्या हद्दीपुरतं आहे ते त्याच्याकडून लेखी घ्या. सीमेपलीकडे बंदूक नेणं म्हणजे गोणीभर तांदूळ नेणं नव्हे. मुलाला शेतासाठी ठेवायची असेल तर तोही स्वतःच्या नावाने अर्ज करू शकतो, आणि डुकरांचा त्रास बघता मला तेच जास्त पटतं.

ठाण्यात जाल तेव्हा दस्त्याच्या बुडाच्या पितळी पट्टीतली छोटी झडप उघडायला सांगा. आत पितळेची तेलाची कुपी आणि नळी पुसायची दोरी असते. तुमच्या रायफलीत ती असतील तर रायफलीबरोबरच राहू द्या, आणि कुपीचा फोटो मला नक्की पाठवा.