‘नस्तीबद्ध’ या शेऱ्यानंतर

प्रिय वकीलबाई,

तलाठ्याविरुद्धची तक्रार नुसती फाईलबंद केली म्हणून उच्च न्यायालयात जायचं, त्या याचिकेचा तुझा मसुदा काल रात्री वाचला. एकोणीस पानं. ‘भ्रष्ट’ हा शब्द मोजला, तेवीस वेळा आलाय. फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीतला बदल, प्रमाणित झाल्याची तारीख मात्र एकदाच, तीही चौदाव्या पानावर, आणि सोबत जोडलेल्या उताऱ्यावर भलतीच तारीख. न्यायमूर्ती चौदाव्या पानापर्यंत पोचतील या भरवशावर राहू नकोस.

पक्षकाराचा संताप आपल्या अंगात शिरतो, माझ्याही शिरायचा. पण उच्च न्यायालय राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली, म्हणजे सरकारी कारभाराविरुद्धची याचिका ऐकायला, बसतं तेव्हा ‘हा तलाठी लबाड आहे का’ याचा निवाडा करायला बसत नाही. तक्रार ज्याच्या टेबलावर गेली त्याने तिचं काय केलं, ते बघतं. वाचली का, कागद मागवले का, दोन्ही बाजू ऐकल्या का, कारणं दिली का. सर्वोच्च न्यायालयाचा टाटा सेल्युलरचा १९९४ चा निकाल आहे निविदेचा, पण न्यायालय निर्णयापेक्षा निर्णयप्रक्रिया तपासतं हे त्याच्याइतकं स्वच्छ फार कमी ठिकाणी सापडेल. तो पुन्हा वाच.

म्हणून ‘निलंबित करावे’ ही तुझी पहिली विनंती खोड. तिच्या जागी लिही : अमुक तारखेच्या तक्रारीवर अमुक आठवड्यांत मुद्देनिहाय, कारणांसह निर्णय द्यावा. मिळमिळीत वाटेल. पण निलंबनाला सरकारी वकील तासभर विरोध करू शकतो. ‘आम्ही कारणं देणार नाही’ असं उभं राहून म्हणणं त्यालाही जड जातं.

तुझ्याकडचा सगळ्यात कामाचा कागद तू शेवटच्या जोडपत्रात टाकलायस. ‘आपला अर्ज नस्तीबद्ध करण्यात आला आहे.’ म्हणजे फाईल बंद. एक ओळ आणि खाली सही. तो पहिल्या पानावर आण. याचिका दाखल झाली की समोरून जाडजूड प्रतिज्ञापत्र येईल आणि अर्ज का फेटाळला याची दहा कारणं त्यात उगवतील. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचा मोहिंदर सिंग गिल निकाल, १९७८, उघडायचा. आदेशाची वैधता आदेशात लिहिलेल्या कारणांवरच तपासायची, मागाहून प्रतिज्ञापत्रातून नवी कारणं पुरवता येत नाहीत. आदेश काही जुन्या दारूसारखे मुरून चविष्ट होत नाहीत, अशा अर्थाचं न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचं वाक्य त्यातच आहे.

माझी एक फजिती सांगतो. वकिलीच्या दुसऱ्या वर्षी असंच प्रकरण घेऊन उभा राहिलो. न्यायमूर्तींनी विचारलं, तक्रार कधी दिली? म्हटलं, फेब्रुवारीत. पोच? पोच नव्हती. पक्षकाराने अर्ज एका कारकुनाच्या हातात दिला होता आणि त्याने ‘ठेवा, बघतो’ म्हटलं होतं. दोन मिनिटांत बाहेर आलो. तेव्हापासून आवक शिक्का आणि क्रमांक स्वतः बघितल्याशिवाय मी याचिकेचा मायना लिहीत नाही.

आता फौजदारी बाजू. तिथे तू दोन गोष्टी एकत्र कालवल्यास. फेरफार चुकीचा नोंदवला, त्याला महसूल अधिनियमाचं कलम २४७ आहे, अपील कर. चुकलेला निर्णय म्हणजे गुन्हा नाही. पण नमुना नऊच्या, म्हणजे फेरफाराआधी संबंधितांना द्यायच्या, नोटिशीवर पक्षकाराच्या वडिलांची ‘मिळाली’ म्हणून सही आहे, जूनमधली, आणि मृत्यूचा दाखला मार्चचा आहे. हे प्रकरण वेगळं. तुझ्या एकोणीस पानांत याला चार ओळी मिळाल्यात!

त्यासाठी आधी पोलीस ठाणे, मग अधीक्षकांना लेखी, मग दंडाधिकारी, आणि अर्जाला प्रतिज्ञापत्र. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३(४) आणि १७५(३) ओळीने वाच. पुढे १७५(४) आहे : कर्तव्य बजावताना घडलेल्या गोष्टीबद्दल लोकसेवकाविरुद्ध तपासाचा आदेश द्यायचा तर आधी त्याच्या वरिष्ठाचा अहवाल आणि त्याचं स्वतःचं म्हणणं विचारात घ्यावं लागतं. तू फोनवर याला ‘चोरांची सोय’ म्हणालीस. मला तसं वाटत नाही. रोज नोंदी करणाऱ्या माणसाच्या प्रत्येक नोंदीने कुणीतरी दुखावतोच. प्रत्येक दुखावलेला फौजदारीत गेला तर उद्या कुणी सहीच करणार नाही. सोय होते ती तो अहवाल महिनोन्महिने अडकतो तेव्हा. तिथे भांड.

त्याच संहितेच्या कलम २१८ ची पूर्वमंजुरी, म्हणजे लोकसेवकावर खटला चालवायला आधी सरकारची परवानगी, हा मुद्दा समोरची बाजू ओढून आणणारच. आधी बघ, तलाठ्याला पदावरून काढायला सरकारची मंजुरी लागते का? ते कवच तशाच लोकसेवकाला आहे, म्हणून त्याच्या नेमणुकीच्या आदेशावर सही कुणाची ते काढ. मग कृत्याचा कर्तव्याशी वाजवी संबंध आहे का, ही १९५५ च्या माताजोग दोबे निकालातली कसोटी. कर्नाटकातल्या एका ग्रामलेखापालाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये सांगितलंय की खोटे दस्तऐवज तयार करणं हा अधिकृत कर्तव्याचा भाग होऊ शकत नाही, त्याला मंजुरी नको. आणि लागलीच, तर नव्या संहितेत सरकारला १२० दिवस आहेत. तोवर निर्णय झाला नाही तर मंजुरी दिली असं समजलं जातं.

‘पैसे घेतले असणारच’ हे वाक्य काढ. ‘असणारच’ हा पुरावा नव्हे, आणि त्या एका वाक्यापायी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याची कलम १७अ (चौकशीआधी परवानगी) आणि १९ (खटल्याआधी मंजुरी) ही दोन दारं तू विनाकारण आपल्यासमोर बंद करून घेशील.

आणि मला रात्री झोपू न देणारी गोष्ट. ती सही तलाठ्याने केली, हे कशावरून? नोटीस बहुधा कोतवाल घेऊन गेला असेल. घरात चुलतभाऊ असेल, फेरफाराचा फायदा त्यालाच झालाय. त्याने काकांच्या नावाने सही ठोकली असेल आणि तलाठ्याने न बघता कागद जोडला असेल. मग तो निष्काळजी ठरेल, त्याची विभागीय चौकशी होईल, पण बनावटगिरीचा आरोपी दुसराच असेल. प्रतिज्ञापत्रावर सही तुझ्या पक्षकाराची असणार आहे. जे त्याला माहीत आहे तेवढंच त्यात लिही : सही वडिलांची नाही, त्या तारखेला ते हयात नव्हते. कुणी केली ते तपासात निघू दे.

नोटिशीची नक्कल तू फक्त पुढच्या बाजूची घेतलीस. बजावणी कुणी केली, कुणाच्या समक्ष, तो शेरा बऱ्याचदा मागे असतो. सोमवारी तहसीलमध्ये अर्ज दे, दोन्ही बाजूंची प्रमाणित प्रत माग, आणि अर्जाची पोच घेऊनच बाहेर पड. मसुद्याचं ती प्रत आल्यावर बघू.

तुझा,
सर