कोकणातल्या खेड्यांत परदेशी मिशनरी प्रचाराला जायचे तेव्हा त्यांना काय अनुभव येत? लोक त्यांचं ऐकत का? आणि धर्म बदलणारे पैशासाठी बदलत का?

ऐकत, पण ऐकून गप्प बसत नसत. मी वेंगुर्ल्याची, मराठी ख्रिस्ती घरातली. या विषयावर बोलताना वाद घालणाऱ्या कोकणी माणसाला सगळे विसरतात, म्हणून त्याच्याबद्दल लिहिते.

आधी मिशनऱ्यांची अवस्था बघा. स्कॉटिश मिशनचे डोनाल्ड मिचेल १८२३ साली आले. पेशवाई बुडून पाचच वर्षं झाली होती, पुण्यात प्रचार करू द्यायला कंपनी सरकार तयार नव्हतं. म्हणून मिशनने सावित्री नदीच्या मुखावरचं बाणकोट धरलं, पुढे हर्णै. मिचेल त्याच वर्षी वारले. बंदरातून बंदरात होडीने जायचं, तिथून पायी किंवा डोलीने. पावसाळ्यात समुद्र बंद, वाटा चिखलात, म्हणजे गावोगाव फिरायचं ते दिवाळीनंतर. विल्सन कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते जॉन विल्सन १८२९ मध्ये आले आणि पत्नी मार्गारेट यांच्यासह आधी बाणकोट-हर्णैला मराठी शिकत राहिले, मग मुंबईत कामाला लागले.

गर्दी जमवणं सोपं होतं. बाजार होता, जत्रा होती, देवळापुढचा पार होता. मराठी बोलणारा गोरा माणूस बघायला कोण थांबणार नाही? अडचण पुढे यायची. हे श्रोते कीर्तनात मुरलेले. पूर्वपक्ष म्हणजे समोरच्याचं म्हणणं, उत्तरपक्ष म्हणजे त्याला दिलेलं उत्तर, शिवाय दृष्टांत, हे सगळं लहानपणापासून कानावरून गेलेलं. मिशनऱ्याच्या सांगण्याचा गाभा असा, की येशूने आपल्या पापांचं प्रायश्चित्त स्वतःवर घेतलं. ज्याला ‘करावे तसे भरावे’ हे श्वासासारखं ठाऊक आहे, त्याला हे पटणं फार अवघड. माझं कर्म दुसरा कसा फेडील? मी स्वतः श्रद्धावान आहे, तरी हा प्रश्न मला खरा आणि खोल वाटतो. त्याला ‘अज्ञान’ म्हणून बाजूला सारणारे मिशनरी मला आवडत नाहीत.

माणगावजवळच्या शिरवलीत १८२५ साली जन्मलेले विष्णुबुवा ब्रह्मचारी याच मातीतले. १८५७ मध्ये त्यांनी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर भर सभेत मिशनऱ्यांशी वाद घातले. जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्याने त्या चर्चा इंग्रजीत छापल्या, बुवांच्या बाजूने मराठीतही पुस्तक निघालं. समोरच्याचा ग्रंथ वाचून त्याला उत्तर द्यायची ही तयारी मला थोर वाटते.

रायगडच्या किनाऱ्यावरच्या बेने इस्राएल लोकांनी तर वेगळंच केलं. हे मराठी बोलणारे यहुदी, गावात शनवार तेली, म्हणजे शनिवारी काम बंद ठेवणारे तेली, म्हणून ओळखले जाणारे. मिशनऱ्यांना त्यांच्याबद्दल फार आशा. त्यांच्यासाठी शाळा काढल्या, विल्सननी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरणाचं पुस्तक छापलं, बायबलमधला जुना करार, जो यहुद्यांचाही धर्मग्रंथ, मराठीत वाचायला मिळाला. बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्माची दीक्षा, घेणारे अगदी थोडे निघाले. बाकीच्यांनी त्या शिक्षणातून आपलाच धर्म पक्का केला.

दापोलीच्या मिशन शाळेचंही तसंच. भारतरत्न पां. वा. काणे तिथे शिकले आणि त्यांनी आयुष्य धर्मशास्त्राच्या इतिहासाला दिलं. साने गुरुजीही तिथलेच विद्यार्थी. दापोली तालुक्यातल्या करजगावात जन्मलेले कवी ना. वा. टिळक ख्रिस्ती झाले, पण तेही बाजारातल्या प्रवचनाने नाही. १८९३ मध्ये आगगाडीत एका अनोळखी युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यांनी तो वाचला, स्वतःशी झगडले आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. नंतरही लिहिले ते अभंगच.

आमच्या वेंगुर्ल्यात अमेरिकन मिशनचं सेंट ल्यूक हॉस्पिटल होतं. तिथले डॉक्टर गोहीन यांचा मुलगा रॉबर्ट १९१९ मध्ये वेंगुर्ल्यातच जन्मला. तो पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष आणि १९७७ पासून भारतातला अमेरिकेचा राजदूत झाला. माझी आजी त्या दवाखान्यात नर्स. सकाळची प्रार्थना वॉर्डात सगळे ऐकत, औषध घेत, बरे होऊन घरी जात आणि गाऱ्हाणं घालायला आपल्या देवळात जात. आजीला त्यात काही गैर वाटत नसे, मलाही वाटत नाही.

आता पैशाचं. दुष्काळात किंवा अडचणीत मदतीच्या आशेने मिशनकडे गेलेले लोक होते, हे मी नाकारत नाही. पण खेड्यात धर्म बदलणाऱ्याचं काय जात होतं तेही मोजा. पाणवठा तुटायचा, सोयरीक तुटायची, वडिलोपार्जित वाटाही जायचा. वारसाहक्क वाचवायला सरकारला १८५० मध्ये वेगळा कायदा करावा लागला, आणि कायदा झाला म्हणून भावकी थोडीच ऐकते? माझे पणजोबा मालवणकडचं घर आणि कलमांची बाग सोडून वेंगुर्ल्याला आले ते बाप्तिस्म्यानंतर. त्यांचा वाटा आमच्याकडे कधीच आला नाही.