वाचक विचारतात : पाटीवर आहे म्हणजे खरं का?

प्रश्न : मुलीकडे अमेरिकेत राहून आले. न्यू यॉर्क राज्यातल्या कार्मेल गावी तळ्याकाठी घोड्यावर बसलेल्या मुलीचा पुतळा पाहिला. त्या भागात रस्त्याकडेला तिच्या नावाच्या निळ्या-पिवळ्या लोखंडी पाट्याही आहेत. सोळा वर्षांची सिबिल लडिंग्टन १७७७ मध्ये वडिलांची पलटण गोळा करायला रात्रभर चाळीस मैल दौडली म्हणे. मी भारावून गेले, तर जावई म्हणाले, ‘सगळी दंतकथा आहे.’ सरकारी पाटी खोटी कशी असेल? आणि पुढच्या खेपेला पाहायचं तरी काय?
— एक वाचक

उत्तर : जावईबापूंशी भांडू नका, पण त्यांचं सगळंच खरंही धरू नका. सिबिल खरी, तिचे वडील कर्नल हेन्री लडिंग्टन खरे, त्यांची पलटणही खरी. २६ एप्रिल १७७७ ला विल्यम ट्रायनच्या इंग्रज फौजेनं शेजारच्या कनेटिकटमधल्या डॅनबरीवर चाल करून इंग्रजांविरुद्ध स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या बंडवाल्या अमेरिकनांचा लष्करी साठा जाळला, हेही पक्कं. डळमळतं ते फक्त या फौजेविरुद्ध पलटण गोळा करायला सिबिलनं रात्री घोडं दौडवणं. त्या काळच्या कागदांत त्याचा मागमूस नाही. गोष्ट छापून आली ती १८८० मध्ये, म्हणजे शंभरावर वर्षांनी. सिबिलनं स्वतः १८३८ मध्ये नवऱ्याच्या लष्करी चाकरीवर विधवेचं पेन्शन मागितलं. लग्नाचा पुरावा नाही म्हणून ते नाकारलं गेलं. त्या अर्जात घोडदौडीबद्दल चकार शब्द नाही. (नवऱ्याच्या नावावर पैसे मागताना स्वतःचा पराक्रम कोण लिहील? एवढ्यावरून तरी मी तिला खोटं पाडणार नाही.)

पाट्या लागल्या १९३५ मध्ये. स्वातंत्र्ययुद्धाला दीडशे वर्षं होत आली म्हणून न्यू यॉर्क राज्याच्या शिक्षण खात्यानं १९२६ पासून अशा पाट्या लावायला घेतल्या होत्या. तेव्हा पाटीवरून १९३५ चे लोक काय मानत होते ते कळतं, १७७७ चं काही सिद्ध होत नाही. पुतळा तर १९६१ चा.

आता याच्या उलट, त्याच युद्धातली मार्गारेट कॉर्बिन पाहा. पेनसिल्व्हेनियाची ही मुलगी पाच वर्षांची असताना हल्ल्यात बाप मारला गेला, आईला धरून नेलं. पुढे नवरा जॉन तोफखान्यात गेला, तशी हीसुद्धा फौजेबरोबर निघाली. १६ नोव्हेंबर १७७६ ला मॅनहॅटनच्या उत्तर टोकाला फोर्ट वॉशिंग्टनच्या लढाईत जॉन पडला आणि हिनं तोफ चालवायला घेतली. छर्‍यांनी दंड, छाती, जबडा फोडला. हात कायमचा निकामी झाला.

हिचे कागद आहेत. जुलै १७७९ मध्ये काँग्रेसनं, म्हणजे बंडवाल्या अमेरिकनांच्या प्रतिनिधिसभेनं, ठराव करून तिला जन्मभर सैनिकाचा निम्मा पगार आणि एक जोड कपडे मंजूर केले. काँग्रेसकडून असं लष्करी पेन्शन मिळालेली ती पहिली बाई. पगार मात्र निम्माच का, हे मला आजही खुपतं. नंतर ती न्यू यॉर्क राज्यातल्या वेस्ट पॉइंटच्या लष्करी ठाण्यावर जायबंदी सैनिकांच्या पलटणीत होती. तिथल्या अधिकाऱ्यांच्या पत्रव्यवहारात ‘कॅप्टन मॉली’ म्हणून ती भेटते. बाई फटकळ होती आणि सैनिकांना मिळणारा दारूचा वाटाही मागून घ्यायची. मला तर तोफेपाशी उभी असलेल्या मार्गारेटपेक्षा ही भांडकुदळ कॅप्टन मॉलीच जास्त जवळची वाटते. १८०० मध्ये ती गेली.

१९२६ मध्ये ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ या, स्वातंत्र्ययुद्धातल्या लोकांच्या वंशज बायकांच्या संस्थेनं वेस्ट पॉइंटजवळच्या हायलंड फॉल्सला तिचं थडगं शोधून काढलं, डॉक्टरकडून हाडं तपासून घेतली आणि वेस्ट पॉइंटच्या दफनभूमीत मानानं पुरली. वर देखणं स्मारक उभारलं. २०१६ मध्ये तिथं बांधकाम चालू असताना यंत्राचा धक्का लागून थडगं उकललं. हाडं पुन्हा तपासली, तर ती निघाली एका पुरुषाची, तीही एकोणिसाव्या शतकातल्या! स्मारक मात्र हलवलं नाही. २०१८ मध्ये त्याचं पुन्हा समारंभानं लोकार्पण झालं. मला ते बरोबर वाटतं. सिबिलच्या बाबतीत पाटी, पुतळा सगळं जागच्या जागी आहे आणि पुरावा नाही. इथं हाडं परक्याची निघाली तरी काँग्रेसचा ठराव शाबूत आहे. जावयांना हा फरक जरूर सांगा.

पुढच्या खेपेला मॅनहॅटनमध्ये ‘ए’ या भुयारी रेल्वेगाडीनं १९० व्या रस्त्याच्या स्टेशनवर उतरा. लिफ्टनं वर आलात की समोरच मार्गारेट कॉर्बिन सर्कल हा चौक आणि मार्गारेट लढली त्या टेकडीवरच्या बागेचं फाटक. मार्गारेटची १९०९ ची पाटी त्याच टेकडीवर आहे. टेकडी जिंकल्यावर इंग्रजांनी तिथल्या तटबंदीला आपल्या गव्हर्नराचं नाव दिलं, आणि बागेला आजही तेच आहे : फोर्ट ट्रायन पार्क. हो, डॅनबरी जाळणारा तोच ट्रायन.