क्रॉनला काम लावताना

रोज रात्री बॅकअप घ्यायचाय ना? मग लिनक्सवर क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवणारा प्रोग्रॅम, पुरेसा आहे, उगाच वेगळं सॉफ्टवेअर शोधत बसू नकोस. त्याच्या कामांच्या यादीत, म्हणजे क्रॉनटॅबमध्ये, दर कामाची एक ओळ असते. ओळीतले पहिले पाच रकाने मिनिट, तास, तारीख, महिना, वार, याच क्रमाने. नवखे हमखास मिनिटाच्या जागी तारा (*), म्हणजे 'प्रत्येक', तसाच ठेवतात. मग तासात २१ लिहिलं की काम रात्री नऊला एकदा होत नाही, नऊ ते दहा दर मिनिटाला होतं, म्हणजे ६० वेळा! अजून एक गोम: तारीख आणि वार दोन्ही भरलेस, तर दोन्ही जुळायची वाट तो बघत नाही. १३ तारीख आणि शुक्रवार लिहिलंस की दर शुक्रवारी चालणार, वर १३ तारखेलाही.

टर्मिनलमध्ये नीट चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये बऱ्याचदा गप्प बसते, कारण त्याला तुझा नेहमीचा पाथ, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी, ठाऊक नसतो. कमांडचा पूर्ण पत्ता दे आणि आउटपुट, एररसकट, लॉग फाइलमध्ये वळव. त्या वेळी लॅपटॉप बंद असेल तर क्रॉन ते काम सोडून देतो. तिथे अ‍ॅनाक्रॉन बरा, तो राहिलेलं काम लॅपटॉप चालू झाल्यावर करतो.

आणि हो, क्रॉनटॅब उघडायला crontab -e लिहिताना 'ई'च्या शेजारचा 'आर' दाबू नकोस. सहसा काही न विचारता अख्खी यादी पुसली जाते.