झुडपं हिरवीगार आहेत, पण फुलत नाहीत. कोणती लावावीत आणि कशी वाढवावीत?

दर वर्षी नवी रोपं न लावता फुलत राहील अशी लहानशी बाग तुम्हाला घरापुढे हवी आहे, आणि आधी लावलेली जास्वंद व मोगरा नुसतेच पानांनी भरलेत, असं तुम्ही लिहिलंय. आधी मोगरा-जास्वंदीचं बघू, कारण झुडूप का फुलत नाही हे कळलं की कोणतं निवडायचं हेही कळतं.

न फुलणारं झुडूप बहुधा आजारी नसतं. त्याला ऊन कमी पडत असतं, नत्र (पानं वाढवणारं खतातलं द्रव्य) जास्त झालेलं असतं, किंवा कात्री भलत्या वेळी लागलेली असते.

सुट्टीच्या दिवशी तासातासाने बाहेर डोकावा आणि कुठे ऊन, कुठे सावली ते कागदावर मांडा. सूर्याची वाट ऋतूप्रमाणे सरकते, म्हणून हिवाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा असं करा. जास्वंद, मोगरा, गुलाब यांना रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं. त्याहून कमी मिळालं तर झाड जगतं, वाढतं, पण कळ्या धरत नाही. अशा जागी तगर किंवा अनंत लावा. सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारची सावली त्यांना मानवते. ओलसर, अर्धसावलीच्या कोपऱ्यात सोनटक्का छान होतो.

नत्राचं थोडक्यात सांगते. हिरवळीला टाकलेला युरिया, म्हणजे नत्राचं खत, शेजारच्या झुडपाची मुळंही ओढून घेतात आणि मग सगळा जोर पानांवर जातो. कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत पुरे.

सगळ्यात जास्त फुलं मात्र अवेळी चालवलेल्या कात्रीने जातात, असं माझं ठाम मत आहे. काही झुडपं नव्या फुटीवर फुलतात. मोगरा, जास्वंद, गुलाब ही त्यातली. हिवाळा सरताना मोगरा चांगला छाटा. त्याआधी काही दिवस पाणी तोडा, छाटल्यावर खत घालून पुन्हा सुरू करा, म्हणजे नवे धुमारे कळ्या घेऊनच येतात. पण हायड्रेंजियाचे नेहमीचे गोल गुच्छांचे प्रकार, अझेलिया आणि कॅमेलिया यांच्या कळ्या बऱ्याच आधी जुन्या फांद्यांवर तयार होऊन बसलेल्या असतात. त्यांना मोगऱ्यासारखं हिवाळ्याअखेरीस छाटलं, तर त्या वर्षीचा बहर कात्रीबरोबर गेला. त्यांची छाटणी फुलं ओसरल्याबरोबर करायची. म्हणून झुडूप विकत घेतानाच विचारा, हे जुन्या फांदीवर फुलतं की नव्या?

उंचीचंही तेव्हाच विचारा. पिशवीतली वीतभर जास्वंद जमिनीत सहज दोन-तीन मीटर होते. ती खिडकीखाली लावली की वर्षभर शेंडे उडवत बसावं लागतं, आणि जास्वंदीच्या कळ्या नेमक्या शेंड्यांकडेच येतात. पूर्ण वाढीच्या पसाऱ्याच्या निम्मं अंतर भिंतीपासून सोडा. पहिली दोन वर्षं जागा ओकीबोकी दिसेल. तिथे हंगामी फुलं लावा, झुडपं दाटीने लावू नका.

रोप निवडताना त्याच्यावरच्या फुलांना भुलू नका. बुंध्यापाशी तीन-चार दमदार फांद्या असलेलं घ्या. पिशवीच्या तळाशी मुळांचं वेटोळं झालं असेल तर ते लावताना मोकळं करा, नाहीतर मुळं जमिनीतही तशीच गोल फिरत राहतात. खड्डा मुळांच्या हुंडीच्या, म्हणजे मातीसकट गोळ्याच्या, दुप्पट रुंद, पण खोली हुंडीइतकीच. बुंधा मातीत गाडला गेला की कुजतो. गुलाब डोळा भरलेला, म्हणजे दुसऱ्या गुलाबाच्या खुंटावर कलम केलेला, असेल तर जोडाच्या खालून येणारी फूट लगेच काढा. ती खुंटाची असते आणि वरच्या कलमाला उपाशी ठेवते.

पाणी रोज शिंपडू नका. वरची माती सुकली की एकदा खोलवर भिजेल असं द्या आणि पुन्हा वाफसा येऊ द्या, म्हणजे चिखल न राहता माती नुसती ओलसर होऊ द्या. पालापाचोळ्याचं दोन-तीन इंच आच्छादन घाला, फक्त खोडाला टेकवू नका. बोगनवेल याबाबतीत वेगळीच आहे. मुळं धरल्यावर तिला थोडा ताण दिला तरच ती रंगते. पाणी वाढवलं की नुसती पानं आणि काटे. अनंताच्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडू लागला, तर बहुतेक वेळा माती अल्कधर्मी असते आणि त्याला लोह मिळत नसतं. अशा मातीत तो लावण्यापेक्षा मोठ्या कुंडीत आम्लधर्मी मिश्रणात ठेवणं सोपं.

झुडपांच्या पुढच्या ओळीत बहुवर्षायू फुलझाडं घ्या: निशिगंध, कर्दळ, डेलिली, शेवंती. ही मला झुडपांइतकीच प्रिय आहेत, कारण एका गड्ड्याचे पाहता पाहता पाच होतात. तीन-चार वर्षांनी मधला भाग दाटून फुलं कमी झाली की कर्दळ आणि डेलिलीचे गड्डे उकरा, कडेचे तरणे भाग पुन्हा लावा, मधला जुना टाकून द्या. शेवंतीचे शेंडे वाढीच्या काळात खुडले की ती फुटवे धरते. कळ्या धरायला तिला लांब, अखंड अंधारी रात्र लागते. रस्त्याचा किंवा व्हरांड्याचा दिवा रात्रभर तिच्यावर पडत असेल तर ती रेंगाळते. खत बदलण्याआधी तिची जागा बदला.

आणि घरात लहान मूल किंवा कुत्रं-मांजर असेल, तर कण्हेर आणि रातराणी लावू नका. दोन्ही विषारी आहेत. कण्हेरीचं तर मुळापासून फुलापर्यंत सगळंच विषारी असतं, आणि तिच्या छाटलेल्या फांद्या जाळल्या तर धूरही बाधतो.