पेशंटला उचलायचं नसतंच मुळी

प्रश्न : मी पेशंट सांभाळायचं काम करते, सात महिने झाले. आजोबांना पॅरालिसिस झालाय, उजवी बाजू चालत नाही, वजन 70 किलोच्या पुढे. दिवसातून चार-पाच वेळा बेडवरून व्हीलचेअरवर घ्यावं लागतं. घरचे म्हणाले काखेत हात घालून उचला, तसंच करते. आता माझीच कंबर एवढी धरते की सकाळी उठवत नाही. ट्रेनिंग कोणी दिलं नाही, म्हणतात सेवेत काय शिकायचंय. माझं काय चुकतंय?

उत्तर : ताई, तुमचं काही चुकलं नाही, तुम्हाला कोणी शिकवलंच नाही आणि याचा मला खरंच राग येतो. आधी कंबर डॉक्टरांना दाखवा, पायात मुंग्या येत असतील, पाय बधिर वाटत असेल किंवा लघवीवर ताबा राहत नसेल तर त्याच दिवशी जा, थांबू नका.

आता उचलण्याचं. अमेरिकेतल्या नायॉश या कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने पेशंट हाताने उचलायची मर्यादा साधारण 16 किलो धरलीय, तीही सगळं सोयीचं असताना. म्हणजे 70 किलोचा माणूस एकटीने उचलणं हा ताकदीचा प्रश्नच नाहीये, ते करायचंच नसतं. आजोबांचा डावा पाय चालतो ना, मग उठायचंय त्यांनी, तुम्ही फक्त सोबत द्यायची.

व्हीलचेअर त्यांच्या चांगल्या बाजूला, म्हणजे डावीकडे, बेडला टेकून जरा तिरकी लावा, ब्रेक लावा, पाय ठेवायच्या पट्ट्या वर करा (या पट्टीत पाय अडकून पडलेले पेशंट मी बघितलेत). मग त्यांना कडेला बसवा, दोन्ही तळवे जमिनीला टेकलेले, आणि एक-दोन मिनिटं तसंच बसू द्या, एकदम उठवलं की चक्कर येते. कंबरेला पेशंट धरायचा रुंद पट्टा बांधा, काखेत हात अजिबात नको. पॅरालिसिसच्या बाजूचा खांदा धरून ठेवणारे स्नायूच ढिले झालेले असतात, तिथून ओढलं तर सांधा निसटतो आणि ते दुखणं महिनोन् महिने जात नाही. तुमच्या गळ्यातही त्यांना हात टाकू देऊ नका, तोल गेला की सगळं वजन तुमच्या मानेवर. तुमचा गुडघा त्यांच्या उजव्या गुडघ्याला आधार देईल असं उभं राहा, ‘आजोबा, पुढे वाका, आता उठायचंय’ असं सांगून ‘एक, दोन, तीन’ म्हणा. ते पुढे वाकले की बूड आपोआप हलकं होतं, बघा करून. वळताना कंबर पिळायची नाही, पावलं टाकून वळायचं.

आणि डाव्या पायावरही वजन पेलत नसेल तर एकटीने नाहीच, दुसरं माणूस हवं किंवा उचलायचं मशीन. हे घरच्यांना स्पष्ट सांगा, हे पत्र दाखवा हवं तर. हे सगळं फिजिओथेरपिस्टसमोर एकदा करून घ्या आणि घरच्या एकाला तरी तेव्हा उभं करा, कारण तुमच्या सुट्टीच्या दिवशी काखेतून ओढणार तेच.

पडायला लागले तर झेलायला जाऊ नका, डोकं सांभाळत तुमच्या पायावरून हळू खाली सरकू द्या. पडल्यावर लगेच ओढून बसवायचं नाही, कुठे दुखतंय ते आधी विचारा.

प्रश्न : आईला इन्सुलिन देणाऱ्या मावशींना वापरलेल्या सुईला टोपण लावताना सुई टोचली. त्यांनी पुसलं आणि कामाला लागल्या. काळजी करण्यासारखं आहे का?

उत्तर : हो, आहे. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायचं, दाबून रक्त काढायचं नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टर. आईचे हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीचे रिपोर्ट असतील तर सोबत न्या. एचआयव्हीचा धोका वाटला तर औषध 72 तासांच्या आत सुरू करावं लागतं, जितकं लवकर तितकं बरं, म्हणून ‘उद्या बघू’ नको. हिपॅटायटिस बीची लस मावशींनी घेतलीय का विचारा, नसेल तर सहसा तीन डोस असतात. खर्च तुम्ही करा, सुई तुमच्या घरातली आहे.

पुढे वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचंच नाही. जाड प्लॅस्टिकचा झाकणाचा डबा हाताशी ठेवा, सुई थेट त्यात, आणि पाऊण भरला की बंद. साध्या कचऱ्यात टाकू नका, कचरा उचलणाऱ्यालाही हात आहेत, त्यामुळे तो डबा कुठे द्यायचा हे दवाखान्यात विचारून ठेवा. आणि मावशींना इंजेक्शन द्यायला शिकवलं कोणी? बघून बघून शिकल्या असतील तर नर्ससमोर एकदा सगळं पहिल्यापासून करायला लावा, डोस वाचण्यापासून.